सलोमीबाईचं मडकं

प्रवरेच्या काठी एका गावात एक छोटंसं चर्च होतं. मंडळी शेतकरी-मजुरांची, पण नजर लांबची. नेपाळच्या डोंगरात शाळा चालवणारं एक जोडपं आणि आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराकाठी मिशनच्या दवाखान्यात काम करणारी हेलन नावाची नर्स, यांचा भार हे चर्च आजूबाजूच्या गावांबरोबर उचलत असे. हेलन तर याच गावची लेक. मजुरी करणाऱ्या शेवंताबाईची ती एकुलती एक मुलगी.

आता ज्यांना तालुक्याच्या गावी जायलाही सवड नाही, त्यांनी सातासमुद्रापलीकडच्या कामाला हातभार लावायचा तरी कसा? त्यासाठी गावात एक रीत होती. प्रत्येक घरात चुलीजवळ एक मडकं असे. दळायला बसण्याआधी घरच्या बाईनं ज्वारीची पहिली मूठ त्या मडक्यात टाकायची आणि टाकताना दूर गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. हिला सगळे मिशनची मूठ म्हणत. वर्षातून एकदा, पीक घरात आल्यावर होणाऱ्या हंगामाच्या सणाला, तोंडाला फडकं बांधलेली ही मडकी चर्चमध्ये यायची. प्रार्थना झाली की बाहेर लिंबाखाली त्यांचा लिलाव व्हायचा. तिथं फडकं सोडून आत बघायचं नाही, असा नेम होता. ज्याची जशी ऐपत आणि जशी हौस, तशी बोली चढायची. लिलावात जे येई ते मिशनला जाई, आणि मडकं घेणाऱ्यानं ते घरी नेऊन त्यातल्या ज्वारीच्या भाकरी खायच्या आणि रिकामं मडकं ज्याचं त्याला परत करायचं.

गावातलं सगळ्यांत मोठं मडकं सलोमीबाईचं. तिचा नवरा शद्रकराव बागायतदार आणि चर्चचा कारभारी. मडक्याला बाहेरून चुना लावलेला, गळ्याभोवती गेरूची नक्षी. सणाच्या दिवशी ते सगळ्यांत पुढे ठेवलं जाई आणि शद्रकराव मिशांवरून हात फिरवत त्याच्याकडे बघत बसे.

सलोमीबाई काही वाईट बाई नव्हती. शेजारी कुणी आजारी पडलं तर पेज घेऊन ती आधी पोचायची. पण एका वर्षी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, कमी पिकला, आणि मडक्यात टाकायची मूठ तिनं कोंबड्यांसाठी ठेवलेल्या पोत्यातून घेतली. पोत्यात धान्य साठवायच्या कणगीच्या तळाचं होतं: पोचट, किडकं, वर माती-खडे. पुढच्या वर्षी शाळू उदंड आला, तरी हात त्याच पोत्याकडे जाऊ लागला. मनाशी तिनं युक्तिवादही तयार ठेवला होता. बोली लागते ती आपल्या घराच्या मानावर. दवाखान्याला पोचतो तो पैसा. धान्य काही सरोवराकाठी जात नाही. मग चांगला शाळू कशाला घालवायचा? हिशेबात बाईचं काही चुकत नव्हतं. मूठ टाकताना हेलनचं नावही ती न चुकता घेई.

पहिल्या वर्षी तिला धास्ती होती, कारण मडकं कुणीतरी घरी नेऊन उघडणारच. ते घेतलं शेवंताबाईनं. आपल्या लेकीच्या कामासाठी म्हणून ती वर्षभर मजुरीतून मागं टाकायची आणि गावातलं मोठं मडकं घ्यायची. तिच्या मायेचा मान राखून कुणी वरचढ बोली लावत नसे. शेवंताबाई काहीच बोलली नाही. पुढच्या वर्षीही तिनंच ते घेतलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. सलोमीबाईचा जीव भांड्यात पडला. म्हातारीला दिसत नसेल, असं तिनं ठरवून टाकलं.

अशी बरीच वर्षं गेली आणि एका श्रावणात शेवंताबाई वारली. त्यानंतरच्या हंगामाच्या सणाला हेलन रजेवर गावी आली होती. उपासनेत चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी तिला चार शब्द बोलायला सांगितले.

ती म्हणाली, "आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांना मी तुमच्या मुठीचं सांगितलं. आता त्याही मका दळायच्या आधी एक मूठ बाजूला टाकतात. त्या मुठी विकून तिथलं लहानसं चर्च आणखी तिसऱ्याच देशातल्या शाळेला मदत धाडतं. त्या मला विचारतात, तुमच्या गावच्या बायका कसं धान्य टाकतात? मी सांगते, घरात खातात तेच."

सलोमीबाईनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं.

मग लिंबाखाली लिलाव सुरू झाला. पुकारा करणाऱ्या मास्तरांनी चुना लावलेलं मडकं उचललं, आणि कुणीच बोली लावली नाही. लोक शेवंताबाई बसायची त्या जागेकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते मडकं तिचंच, त्यामुळे पुढं कुणी व्हायचं हे कुणाला सुचेना. सलोमीबाईच्या मनात चोर होता, म्हणून तिला वाटलं, सगळ्या गावाला कळलंय.

शद्रकरावाला मात्र ती शांतता झोंबली. तो उठला आणि त्यानं स्वतःच अशी बोली लावली की मास्तरांनी पुन्हा विचारून घेतलं.

"कारभारी, आपलंच मडकं आपणच?" कुणीतरी हसून म्हणालं.

"व्हय, आपलंच. मिशनच्या नावानं टाकलेली ज्वारी मिशनच्या माणसानं खायला नको का? हेलन, आज सांजच्याला आमच्याकडं जेवायला यायचं. आमच्या घरची मूठ कशी आसती ती बघ."

घरी मडकं पोचवून शद्रकराव मळ्यात गेला. सलोमीबाईनं दार लोटलं आणि मडकं जमिनीवर पालथं केलं. कोंडा उडाला. किडे चालू लागले. वर्षभर मूठमूठ टाकताना जे थोडंसं वाटायचं, त्याचा आज ढीग झाला होता. तिनं घाईनं कणगीतून सूपभर पांढराशुभ्र शाळू काढला. जमिनीवरचं कोंबड्यांना टाकायचं, शाळू दळायचा, काम फत्ते. नवऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं.

इतक्यात दार ढकलून हेलन आत आली. गावचीच लेक, पाहुण्यासारखी सांज होईपर्यंत वाट बघत कशाला बसेल? दळायला हात लावावा म्हणून ती लवकर आली होती. तिनं ढीग बघितला, सूप बघितलं, सलोमीबाईचा चेहरा बघितला. मग ती ढिगापाशी खाली बसली आणि खडे वेचू लागली.

"हेलन, ऊठ गं," सलोमीबाई कशीबशी म्हणाली.

"राहू द्या, काकी. मला हे मडकं ठावं हाय. मागच्या रजेला आले तवा आई हेच निवडीत बसली होती."

"तिला दिसत होतं?"

"दिसत होतं की. मी म्हणाले, आई, पुढच्या खेपेला दुसरं मडकं घे. ती म्हणाली, दुसऱ्यानं घेतलं तर गावात बोभाटा व्हईल. एका घरानं आसं केलं म्हणून दुसरी घरंही करतील. मंग तुझ्या दवाखान्याचं काय? आन् खडे जास्ती आसले की निवडायला येळ लागतो, तेवढा येळ तुझं नाव घेत बसते."

सलोमीबाईच्या डोळ्यांना धार लागली. गावाला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते शेवंताबाईला, आणि ती ते पोटात ठेवूनच मातीआड गेली होती.

हेलन सावकाश म्हणाली, "काकी, कणगीतलं घ्या. काकांना कशाला कळतंय? मी काय सांगायची न्हाई."

सुटका हातावर येऊन बसली होती. सलोमीबाईनं सुपाकडे बघितलं. मग ते उचलून तिनं कणगीत रिकामं केलं आणि हेलनसमोर येऊन निवडायला बसली. दोघींनी पाखडलं, वेचलं, पुन्हा पाखडलं. दळून झाल्यावर सगळ्या मडक्याच्या तीन भाकरी झाल्या.

संध्याकाळी शद्रकराव ऐटीत पाटावर बसला. एक भाकरी हेलनच्या ताटात पडली, एक त्याच्या. तिसरी सलोमीबाईनं स्वतःला घेतली आणि टोपली पालथी घातली.

"हे काय? एवढ्या मोठ्या मडक्याच्या तीनच भाकरी? बाकीची ज्वारी कुठं गेली?"

सलोमीबाईनं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं खड्यांचा, कोंड्याचा आणि किडक्या दाण्यांचा ढीग पडला होता.

"ती ही. मीच टाकलेली. दरसाल, कोंबड्यांच्या पोत्यातली."

शद्रकरावानं ढिगाकडे बघितलं. त्याला संताप आला, पण तो सलोमीबाईवर काढायचं त्याला सुचलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे वर्षभराची मजुरी साठवून त्याच्या घरचं मडकं डोक्यावर नेणारी एक म्हातारी उभी राहिली होती.

"म्हंजी शेवंताबाई एवढ्या वर्सांत..." तो म्हणाला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून खाल्ला. त्या रात्री त्या घरात तिघंही अर्धपोटी उठली.

सकाळी सलोमीबाईनं तो ढीग कोंबड्यांना टाकला. मडकं धुतलं, उन्हात वाळवलं. कणगी उघडून एका दमात ते शाळूनं काठोकाठ भरावं असं तिच्या मनात आलं, पण ओंजळ भरता भरता ती थांबली. मडकं एका दिवसात भरता आलं असतं. चुकलेल्या मुठी काही भरून निघाल्या नसत्या. तिनं रिकामं मडकं चुलीजवळ ठेवलं, आणि जात्यावर बसण्याआधी कणगीतली एक मूठ घेऊन तिच्यातला एक बारीक खडा वेचून टाकला. मग ती मूठ मडक्यात सोडली. त्या दिवशी तिनं दोन नावं घेतली: एक दूर गेलेल्या लेकीचं आणि एक तिच्या आईचं.

तात्पर्य: दूरच्या माणसासाठी दिलेलं दान आपल्या नजरेआड होतं, पण त्यातलं हिणकस कुणाला तरी निवडत बसावं लागतंच, म्हणून दुसऱ्याच्या नावाची मूठ आपल्या ताटातल्या भाकरीइतकीच निवडून टाकावी.