डोहावरची पहिली पाळी

डोंगराच्या कुशीत एक जंगल होते, आणि त्या जंगलात एक रानडुक्कर राहत असे. अंगाने धिप्पाड, कामाला वाघ आणि मनाने फार हावरे. त्या जंगलात राजा नव्हता. उन्हाळ्यात पाण्याचा एकच डोह उरायचा आणि त्याचा कारभार सगळ्यांची सभा पाहायची. दर माघात सगळ्यांनी मिळून डोहातला गाळ उपसायचा आणि मग उन्हाळाभर सगळ्यांनी पाणी प्यायचे, अशी रीत होती. गाळ उपसण्यात डुकराचा हात धरणारे कुणी नव्हते, हे मात्र खरे.

सभेने एक नियम केला होता. जी नुकती व्यालेली असेल, जो लंगडा किंवा म्हातारा असेल, त्याने सूर्य उगवताच सर्वांआधी पाणी प्यावे. याला सगळे ‘पहिली पाळी’ म्हणत. बाकीच्यांनी त्यांच्यानंतर, ज्याने त्याने आपापल्या क्रमाने यावे. त्या वर्षी एका हरिणीला पाडस झाले. ती रोज सकाळी सर्वांच्या आधी काठावर उभी राहून नितळ पाणी पिऊ लागली, आणि इकडे डुकराच्या पोटात दुखू लागले.

“गाळ कुणी उपसला? मी!” डुक्कर भेटेल त्याला सांगत सुटले. “हिने चार खूर चिखलात बुडवले नि निघून गेली. आणि आता राणीसारखी पुढे!”

खरे सांगायचे तर, मुलांनो, डुकराला पाणी कमी पडत नव्हते. हरिणीच्या पाठोपाठ तेच तर पोटभर पीत होते! पण तिची ती पुढची जागा त्याला दिसायची आणि प्यालेले पाणी अंगी लागत नसे. तिचे पाडस उड्या मारू लागले, तरी याचा जळफळाट व्हायचा. मत्सराचे असेच असते. त्याला स्वतःचे भरलेले पोट दिसत नाही.

एक दिवस डुकराने सभा बोलावली. सभेचा प्रमुख होता वयाने सर्वांत मोठा, पण अजून धट्टाकट्टा असा एक गवा. डुक्कर तावातावाने म्हणाले, “आजोबा, या हरिणीची पहिली पाळी बंद करा.”

गवा शांतपणे म्हणाला, “कुणा एकाचं नाव घेऊन इथे नियम होत नाही, बाळा. बंद करायची तर पहिली पाळीच बंद होईल. सगळ्यांची. तुझीसुद्धा.”

“माझी?” डुक्कर खो खो हसले. “मला कशाला लागतेय ती? करा बंद!”

“चार दिवस विचार कर.”

“विचार झालाय माझा. खडे टाका!”

त्या सभेत प्रत्येकाला एकच खडा मिळे. हो म्हणायचे असेल तर चिंचेखाली टाकायचा, नाही म्हणायचे असेल तर बोरीखाली. खारीचाही एक आणि गव्याचाही एकच. आता गंमत पाहा. आदल्या आठवड्यात डुकराने प्रत्येकाच्या कानाशी लागून ‘तुम्ही मागे आणि ती पुढे’ एवढेच सांगितले होते, आणि तेवढे पुरले. वानराला ते टोचले, सायाळाला टोचले, सशालाही टोचले. चिंचेखाली खड्यांचा ढीग झाला. हरिणी आपला एक खडा बोरीखाली टाकून, पाडसाला पोटाशी घेऊन निमूट निघून गेली. डुकराला त्या दिवशी फार गोड झोप लागली.

दुसऱ्या सकाळी डोहावर झुंबड उडाली. पहिली पाळीच नाही म्हटल्यावर जो आधी पोचेल त्याचे पाणी! सगळे धावले, सगळ्यांनी ढकलाढकली केली, पाणी ढवळून निघाले. पाचव्या दिवशी त्याच धावपळीत डुकराचा पुढचा पाय दोन दगडांत अडकला आणि मोडला. त्यानंतर ते लंगडत काठावर पोचायचे तेव्हा सगळे पिऊन गेलेले असत. त्याच्या वाट्याला नुसता चिखल यायचा. त्याच्या बाजूला हरिणी आपल्या अशक्त पाडसाला तोच चिखल चाटवीत उभी असे. दोघे एकमेकांकडे पाहत नसत.

तीन दिवसांनी डुक्कर गव्याकडे गेले. त्याचा घसा कोरडा पडला होता. “आजोबा, माझा पाय मोडलाय. मला आधी पाणी मिळायला हवं.”

“पहिली पाळी आता नाही,” गवा म्हणाला. “तूच ती बंद करवलीस.”

“मग मी मरू का?”

“तुझी पाळी गेली, तुझा खडा गेलेला नाही. सभा मागण्याचा हक्क अजून आहे. माग.”

डुकराने मान खाली घालून सभा मागितली. “पहिली पाळी पुन्हा सुरू करा,” एवढेच ते बोलले. “आता कळलं होय!” वानर ओरडले. सगळे हसले. कुणी जागचे हलेना. डुकराला वाटले, संपले आता सगळे.

तेवढ्यात हरिणी पुढे आली आणि तिने आपला खडा चिंचेखाली टाकला. तिच्याकडे पाहून ससा उठला, मग खार, मग कुरकुरत का होईना, वानरही. नियम परत आला.

डुक्कर लाजून म्हणाले, “ताई, तू माझ्यासाठी खडा टाकलास?”

“तुमच्यासाठी नाही, भाऊ,” हरिणी म्हणाली. “माझं पाडस तहानलंय. आणि पुढच्या वर्षी कोण लंगडं होईल, कोण व्याईल, ते कुणाला ठाऊक?”

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा पहिल्या पाळीत दोघेच उभे होते. हरिणी पुढे आणि डुक्कर मागे. तिला पुढे पाहून डुकराच्या पोटात पुन्हा जरासे दुखलेच! पण त्याने आपल्या मोडक्या पायाकडे पाहिले आणि आपली पाळी येईपर्यंत ते गप्प उभे राहिले.

तात्पर्य : दुसऱ्याला मिळणारा हक्क डोळ्यांत सलू लागला, तर तो काढून घेण्याआधी नीट पाहावे, बहुधा तो आपलाही असतो, फक्त आपल्याला त्याची गरज अजून पडलेली नसते.