टाकेवाडीच्या माळावर गुडघे टेकतात ते

टाकेवाडीच्या कॉलेजचं मैदान म्हणजे गावाबाहेरचा उघडा माळ. तिथे रग्बीचा सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांचे गडी समोरासमोर येतात, आळीपाळीने गुडघे टेकतात आणि समोरच्याच्या कमरेला मागच्या बाजूने गाल लावतात. एकदा डावा, एकदा उजवा. बाहेरची पोरं पहिल्यांदा फिदीफिदी हसतात. हसू द्यावं. हा म्हसोबाचा नवस आहे असंही कुणी ठोकून देतं, पण म्हसोबाचा याच्याशी काही संबंध नाही. हे भोईटे मास्तरांपासून सुरू झालं.

धोंडिराम भोईटे टपाल खात्यात होते. सकाळी सायकलवरून पाच वाड्यांचं टपाल वाटायचं आणि संध्याकाळी कॉलेजच्या पोरांना कबड्डी शिकवायची, हा त्यांचा नेम. कॉलेजने त्यांना कधी नेमलं नव्हतं आणि त्यांनीही कधी काही मागितलं नव्हतं. पुढे म्हणे फौजेतून सुटीवर आलेल्या एका सुभेदाराने अंड्यासारखा लांबुळका चेंडू आणला, दोन दिवस रग्बी दाखवली आणि तो निघून गेला. उरलेलं मास्तरांनी स्वतःच्या अकलेने शिकवलं, आणि ती अक्कल कबड्डीची होती. पळत येणाऱ्याच्या आडवं पडायचं, डोकं त्याच्या मांड्यांच्या पुढून घालायचं, गडी अडलाच पाहिजे. रग्बीत डोकं मागच्या बाजूला ठेवतात, नाहीतर धावणाऱ्याचा सगळा भार मानेवर येतो. हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिनकर कारंडे हा मास्तरांचा शब्द खाली पडू न देणारा गडी. शेजारच्या तालुक्याच्या कॉलेजाशी याच माळावर सामना होता, त्यात त्याने डोकं पुढून घातलं, अगदी शिकवलं होतं तसं. मान मोडली आणि तो जागच्या जागी गेला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं. डोकं मागे ठेवायचं असतं हे एव्हाना पंचांकडून कळलं होतं, आणि कागद तयार होता. खेळाडूने स्वतःच्या चुकीने डोकं पुढे घातलं, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"सही करा," प्राचार्य म्हणाले. "शिकवण्यात खोट निघाली तर हा खेळ उद्यापासून बंद. बाकीच्या पोरांचं काय ते तुम्हीच बघा."

मास्तरांनी सही केली. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं आतून सगळं बधिर झालं होतं, असं ते पुढे कधीतरी म्हणाले होते.

मग रजा काढून ते पुण्याला गेले, फौजेच्या मैदानाच्या कडेला आठ दिवस बसले आणि खेळ नीट शिकून आले. त्यानंतर छत्तीस वर्षं त्यांची संध्याकाळ माळावरच गेली. नवं पोर आलं की स्वतः पुढे उभे राहायचे आणि त्याला आपल्या कमरेला गाल लावायला सांगायचे. "मागनं. परत." असं पन्नासदा. या ढकलाढकलीत त्यांची कंबर कायमची वाकडी झाली. कॉलेजचं कपाट ढालींनी भरलं, पोरं राज्याच्या संघात गेली. "मास्तर, जिंकलो की," पोरं म्हणायची. मास्तर "हं" म्हणून सायकलवर टांग टाकायचे. आनंद झाला असं कुणी पाहिलं नाही, आणि मान मोडल्याचंही पुन्हा कुणी पाहिलं नाही.

दिनकरची आई, अनसूयाकाकी, त्यांच्याच टपालाच्या वाटेवर राहायची. तिला वाचता येत नव्हतं. लेकीची पत्रं मास्तर ओसरीवर बसून वाचून दाखवायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि उठायचे. जे सांगायचं ते सोडून त्यांनी तिला सगळं वाचून दाखवलं.

छत्तीस वर्षांनी कॉलेजने सत्कार ठेवला. शाल झाली, भाषणं झाली, बोला म्हणून आग्रह झाला. मास्तर उभे राहिले. "दिनकर कारंडे चुकला नव्हता," ते म्हणाले. "मी शिकवलं तसंच त्यानं केलं. कागदात खोटं लिहिलंय आणि सही माझी आहे." मग ते खाली उतरले आणि सरळ काकीच्या दारात गेले.

काकी तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं तरी तिचा हात थांबला नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "मी बी एवढी वर्सं त्यालाच बोल लावला. कशाला असं डोस्कं घातलंस रं, म्हनायची." एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "माज्या दारात सांगून भागायचं न्हाई. त्यो जितं पडला तितं सांगा. खेळ आसंल तवा."

त्या क्षणी मास्तरांना पहिल्यांदा दुखलं, असं सांगतात. ते ओसरीवर बसून लहान पोरासारखे रडले आणि काकीने त्यांना रडू दिलं.

पुढच्या सामन्याला ते दोन्ही संघांच्या मधोमध गुडघ्यावर बसले, एका पोराच्या कमरेला गाल लावून दाखवला आणि जे सांगायचं ते सांगितलं. त्यांचं बघून सगळी पोरं बसली. तेव्हापासूनची ही रीत.

आजही गाल लावून झाला की आधी पाहुणा कप्तान आणि मग आपला, दोघेही मोठ्याने म्हणतात, "दिनकर चुकला नव्हता." दिनकर कोण, हे पाहुण्यांना ठाऊक नसतं, तरी म्हणावं लागतं, त्याशिवाय शिटी होत नाही. भोईटे मास्तरांचं नाव मात्र तिथे कुणी घेत नाही. ती अट त्यांनीच घातली होती.