मालकाच्या हातच्या अकरा घागरी

ऐका, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. एका माळावर, जिथे कुसळांशिवाय काही उगवत नसे, तिथे एका तांबटाने भट्टी पेटवली. तो तांब्याच्या घागरी घडवू लागला. बघता बघता भट्टीभोवती घरं उठली आणि गाव झालं. आणि नुसतं गाव नव्हे हो, सात परगण्यांत ज्याच्या घागरीवाचून लग्न अडायचं असं गाव!

त्या गावाची एक रीत होती. नवी घागर विकायला निघण्याआधी गावच्या बायका ती नदीवरून भरून आणायच्या आणि कोरड्या राखेवर ठेवायच्या. दिवस मावळेपर्यंत राख भिजली की घागर मोडीत. राखेपाशी तुळसाक्का बसायची. जन्मभर पाणी वाहिलेली म्हातारी ती, तिचा शब्द शेवटचा.

पुढे कारखाना त्या तांबटाच्या लेकाकडे, शिदोजीकडे आला. माणूस कर्तबगार, पण हातोडा धरून त्याला वर्षं लोटली होती. अशात राजाने गडासाठी तीनशे घागरी मागवल्या. ठरल्या दिवशी सगळ्या पोचल्या तर राजमोहोर, म्हणजे घागरीवर उठवायचा राजाचा शिक्का, या गावाला, नाहीतर शेजारच्या. मोहोर म्हणजे राज्यभराचं काम, साऱ्या गावाची पिढ्यानपिढ्यांची भाकरी.

शिदोजीला हुरूप चढला. राजाच्या घरी आपल्या हातचं काही गेलंच पाहिजे, असं त्याने मनावर घेतलं आणि अकरा घागरी स्वतः घडवल्या. बुडाचे सांधे कच्चे राहिलेत हे कारागिरांना दिसत होतं, पण मालकाला सांगणार कोण?

ते राखेने सांगितलं. गाड्या निघायच्या आदल्या दिवशी बाकी सगळ्या घागरी कोरड्या राहिल्या आणि नेमक्या त्या अकरा गळल्या. नव्या घडवायला आता वेळ नव्हता. थेंबभर तर पाणी, गडावर कोण राख पसरून बसणार आहे, असं शिदोजी चाचरत म्हणाला.

तुळसाक्काने आवाज चढवला नाही. "मालक, कारखाना तुमचा," ती म्हणाली. "पण गडावरही पाणी कुणी बाईच वाहणार. तिचा पदर भिजला तर ती आपल्या गावाला नावं ठेवील."

शिदोजीने हातोडा मागवला आणि साऱ्या गावादेखत आपल्या अकराही घागरी चेपून टाकल्या. मोहोर गेली, असंच सगळ्यांना वाटलं.

दरबारात घागरी अकरा कमी भरल्या. राजाने जाब विचारला. शिदोजीने काही लपवलं नाही. त्या माझ्याच हातच्या होत्या, गळत होत्या, पाणी वाहणाऱ्या एका म्हातारीने नाकारल्या म्हणून मोडल्या, असं त्याने सरळ सांगितलं. दरबारी खो खो हसले. राजा हसला नाही.

"जिथे मालकाचीही घागर मोडीत निघते, तिथल्या घागरी मला मोजायच्या नाहीत," तो म्हणाला. "मोहोर तुझ्या गावाला दिली. पण ती तुझ्या हाती नाही, त्या म्हातारीच्या हाती राहील."

शिदोजीने ती मोहोर आणून तुळसाक्काच्या पदरात घातली, तेव्हा त्याची मान कधी नव्हती इतकी ताठ होती. पुढे त्या गावात शंभर भट्ट्या झाल्या. गिऱ्हाईक तिथली घागर वाजवून बघेना. मोहोर बघायचं आणि घागर उचलून चालू लागायचं.

बोध इतकाच: आपल्या हातची खोट जो स्वतः मोडतो, त्याच्या हातावर जग विश्वास टाकतं.