गुळाची तुला

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाच्या शिवेवर सत्तावीस दगड पुरलेले होते. कुठला दगड कुठे, हे साऱ्या गावात एकट्या सुभानआबांना ठाऊक. दर पाडव्याला ते पायी शीव फिरत आणि एकेका दगडाचं नाव घेत. लिहून ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही. आबा होते ना!

आबांनी सत्तरी ओलांडली आणि गावाला त्यांचा मान ठेवावासा वाटला. मान ठेवायचा म्हणजे काय, तर त्यांना काहीच करू द्यायचं नाही! पाडव्याची फेरी डोलीतून होऊ लागली. पाण्याचा तांब्यासुद्धा सुना हातात आणून देऊ लागल्या. शिवाय गावाची एक जुनी रीत होती. मानाच्या म्हाताऱ्याची दरवर्षी गुळाने तुला करायची. पहिल्या वर्षी पाच ढेपी लागल्या, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी सात.

"आबांची तब्येत काय सुधारलीय!" असं म्हणत लोक गूळ खात घरी गेले.

आबाही सुखावले. उठताना दोघांचा आधार लागे, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. थोरल्याला धाकट्याच्या नावाने हाक मारत, तेही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

अशात शेजारच्या गावाने तळ्यावर हक्क सांगितला. राजाचे न्यायाधीश आले. म्हणाले, "तळ्याकाठचा दगड दाखवा." आबा डोलीतून उतरले. चार पावलांत त्यांना धाप लागली आणि दगड काही म्हणजे काही आठवेना. शेजारगावचे लोक फिदीफिदी हसले. न्यायाधीशांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर दगड सापडला नाही, तर तळं शेजारगावचं.

घरी आल्यावर आबांना रडू फुटलं. "तान्हू, माझं डोकं गेलं गं. गावाचं पाणी माझ्यापायी जाणार."

तान्हाबाई त्यांची बायको. तिचा मान ठेवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यामुळे ती अजून विहिरीवरून पाणी आणत होती आणि सतरा नातवंडांचे जन्मवार तोंडपाठ सांगत होती.

ती म्हणाली, "डोकं कुठं जातंय! तुम्ही चालायचे थांबलात, तसं तेही बसलं. त्या मेल्या तराजूला काय कळतंय, अंगात बळ किती आणि नुसता भार किती? उद्यापासून पाणी तुम्ही ओढायचं."

पहिल्या दिवशी अर्धी बादली वर येईतो आबांचे हात लटपटले. मुलं कुरकुरली, "लोक काय म्हणतील?"

"लोकांनी गूळ खाल्लाय, आता काही का म्हणेनात," आबा म्हणाले.

श्रावणात ते आधाराशिवाय उठू लागले. भाद्रपदात काठी टेकत अर्धी शीव चालले. पोट उतरलं, पोटऱ्या भरल्या आणि दगडांची नावं एकेक करून परत येऊ लागली. दोन नावं मात्र कधीच आली नाहीत. त्याचं आबांना फार वाईट वाटलं. मग उरलेली पंचवीस त्यांनी साऱ्या गावाकडून पाठ करून घेतली.

दिवाळीला न्यायाधीश आले तेव्हा आबा पायी तळ्यावर गेले. उंबराजवळ थांबले, बारा पावलं मोजली आणि म्हणाले, "इथं खणा." हातभर माती निघाली आणि दगड दिसला, वर गावाची खूण असलेली चंद्रकोर कोरलेली. तळं वाचलं! सारं गाव आनंदाने ओरडलं.

पुढच्या पाडव्याला लोकांनी पुन्हा तराजू मांडला. आबांनी तो बाजूला सारला, गुळाची एक ढेप खांद्यावर घेतली आणि चालत देवळात नेऊन ठेवली. मागोमाग तान्हाबाईही निघाली, आपली ढेप घेऊन. तेव्हापासून त्या गावात म्हाताऱ्यांची तुला होत नाही. ज्याला जेवढा झेपेल तेवढा गूळ तो स्वतः उचलून नेतो आणि गाव त्याच्यासोबत चालतं.

तात्पर्य: उतारवयात वजन नव्हे, बळ जोखावं; हातपाय चालते राहिले, तर डोकंही चालतं राहतं.