राणीने घासलेलं नाणं

एका राज्यात मुकुट राजाच्या डोक्यावर चढण्याआधी तराजूत चढत असे. एका पारड्यात मुकुट, दुसऱ्या पारड्यात युवराजाच्या जन्मदिवशी पाडलेलं चांदीचं नाणं. ते बाळाच्या दुपट्यात गुंडाळून चंदनी डबीत ठेवायचं आणि खुशाल विसरून जायचं. वर्षं सरत, तसा त्यावर आपसूक रंग चढे. आधी कडेला मधाचा, मग डाळिंबाचा, मग मोरपंखी. रंग जितका मुरलेला तितकं नाणं जड, आणि असं नाणं मुकुटाला सहज उचलून धरी.

हे सगळं एका शापापायी. या घराण्याच्या मूळपुरुषाने धूमकेश नावाच्या मांत्रिकाला कोरं नाणं रंगवून जुनं म्हणून खपवलं होतं. मांत्रिकच तो, संतापला. म्हणाला, "तुझ्या वंशात ज्याचं नाणं मुकुट उचलणार नाही, तो उभ्या जागी चांदीचा पुतळा होईल." तसे दोन पुतळे दरबारात होते. सणाला लोक त्यांना हारही घालीत.

आता राजा वारला होता आणि सायंकाळी युवराज कुवलयाचा राज्याभिषेक होता. राणी वेणुमतीचा हा एकुलता एक मुलगा. तिला तराजू ठाऊक, शाप ठाऊक. रंगाचं मर्म तेवढं ठाऊक नव्हतं. ते सासूने सुनेला सांगायचं, आणि सासू लग्नाआधीच गेली होती. सकाळी राणीने डबी उघडली.

"अगंबाई! एवढ्या मोठ्या दिवशी असलं काळवंडलेलं नाणं?"

मंगलकार्याआधी घरातली चांदी चिंचेने घासायची, ही तिच्या माहेरची शिस्त. दासीला हात लावू न देता तिने स्वतः चिंच घेतली, राख घेतली, मन लावून नाणं घासलं आणि त्याच दुपट्याने पुसलं. नाणं लख्ख झालं. तेवढ्यात खिडकीत राजवाड्याचा बोलका भारद्वाज पक्षी येऊन बसला.

"राणीसाहेब, काय केलंत?"

"उजळलं."

"उजळलं नाहीत. रिकामं केलंत."

राणी धावत तराजूपाशी गेली. नाणं पारड्यात टाकलं. मुकुट तसूभरही हलला नाही.

"उपाय सांग," ती म्हणाली.

"वाटा तीन. एक धूमकेशाची, एक काळडोहाची. तिसरी तुमच्यापाशीच आहे, पण ती पहिल्या दोन चालल्याशिवाय दिसत नाही. माझ्या पाठीवर बसा."

राणी बसली. भारद्वाज उडाला.

धूमकेश डोंगरात अजून जिवंत होता. मांत्रिकांना मरायची घाई नसते. त्याने नाण्याला गंधकाची धुरी दिली, आणि पापणी लवते न लवते तोच मध, डाळिंब, मोरपीस, सगळे रंग हजर झाले.

"मोल काय?" राणीने विचारलं.

"काही नाही. गंमत पाहायला सायंकाळी येईन."

वाटेत भारद्वाजाने नाण्यावर चोच घासली. रंगाचा पापुद्रा निघाला, खाली पांढरं कोरं. "वर बसलाय, मुरला नाही," तो म्हणाला. राणीने पदराने उरलेला रंग पुसला. तिला मूळपुरुष आठवला आणि लाज वाटली.

काळडोहाच्या पाण्यात एका बुडीत शंभर वर्षं सरतात. राणीने आधी कमरेचा चांदीचा छल्ला बुडवून पाहिला. तो वर आला तो काळा ठिक्कर, खड्डे पडलेला, आणि हातातच मोडला. तिने नाणं छातीशी घट्ट धरलं. सूर्य कलला होता.

वाड्यात कुवलय अभिषेकाचं स्नान करून उभा होता. "आईसाहेब, अंगाभोवती पदर का आवळलात?"

"गारठा आहे."

"ज्येष्ठात?"

या मुलाचा हसरा ओठ तासाभरात चांदीचा होईल, लोक त्यालाही सणाला हार घालतील, या विचाराने ती वेडीपिशी झाली. तशीच न्हाणीघरात गेली. कोपऱ्यात सकाळचं दुपटं पडलं होतं. त्यावर मध होता, डाळिंब होतं, मोरपीस होतं.

"रंग इथेच आहे!" ती ओरडली.

"आहे," भारद्वाज म्हणाला. "पण तो आपण होऊन चढतो, आणि त्याला वर्षं लागतात. कुणाची तरी."

"माझी घे."

तिने नाणं दुपट्यात गुंडाळलं, मुठीत धरलं आणि देवघरात बसली. बाहेर समईची वात बोटभर जळली. आत कुवलयाच्या वयाइतकी वर्षं तिच्या अंगावरून गेली, आणि एकही दिवस न गाळता तिने ती सोसली. ती उठली तेव्हा पाठ वाकली होती, केस पांढरे झाले होते. नाण्याला तिन्ही रंग आले होते. फक्त अंगठा दाबून धरला होता तिथे पांढरा डाग राहिला.

दरबार भरला. गर्दीत धूमकेश हसत उभा होता. प्रधान कुजबुजला, "ती बाजू खाली ठेवावी. कुणाला दिसायची नाही."

राणीला क्षणभर मोह झाला. मुलाच्या जिवाचा प्रश्न होता. मग तिने नाणं उंच धरलं आणि मोठ्याने म्हणाली, "हा डाग माझा आहे. मी हे नाणं अजाणता घासलं होतं."

नाणं पारड्यात पडलं. पारडं हललं, थांबलं. आणि मग ते सावकाश खाली गेलं. मुकुट वर उचलला गेला.

धूमकेशाचं हसू मावळलं. "या घराण्यात आपल्या नाण्याचा दोष आज पहिल्यांदाच कुणी आपण होऊन सांगितला," तो म्हणाला. "माझा शाप संपला." तो धूर होऊन गेला. दोन्ही पुतळे शिंकले, चौथऱ्यावरून उतरले आणि जेवायला काय आहे ते विचारू लागले.

मुकुट घातलेला कुवलय आईच्या पाया पडला. उठताना त्याची नजर तिच्या केसांवर गेली आणि त्याचे डोळे भरून आले.

"आईसाहेब, हे कुणी घासलं?"

"कुणी नाही रे," राणी म्हणाली. "तुझ्यापायी चढलेला रंग आहे. असू दे."

दासी कलपाची वाटी घेऊन आली होती. राजाने ती परत पाठवली.