ऐनाखालचा पाला

चैत्र वद्य पंचमी. ऊन कडक. वारा नाही.

ऐनाच्या झाडाखाली पाला. पाल्याखाली गांडूळ. गार गार, ओलं ओलं.

खर्र खर्र! धाकलूकाकाने पाला ओढून नेला. भाताच्या वाफ्यावर रचला. आता तो पेटवायचा, राब भाजायचा, मग राखेत भात पेरायचं.

गांडूळ उघडं पडलं. अंग सुकायला लागलं.

सुळुक सुळुक, गांडूळ काकाकडे गेलं.
"काका काका, पाला दे. जाळलास तर धूर होईल, वर उडून जाईल. मला दिलास तर काळी माती होईल, इथेच राहील."
काका म्हणाला, "वा रे वळवळ्या! मग वाफ्याला खत कुठलं? आधी शेण आण. नाहीतर लावतो काडी."

सुळुक सुळुक, गांडूळ म्हशीकडे गेलं.
"म्हशीबाई, म्हशीबाई, शेण दे.
शेण मिळालं, की काका पाला देईल."
म्हैस म्हणाली, "पोट रिकामं, शेण कुठलं? आधी गवत आण."

सुळुक सुळुक, गांडूळ गवताकडे गेलं.
"गवतदादा, गवतदादा, उगव.
गवत मिळालं, की म्हैस शेण देईल.
शेण मिळालं, की काका पाला देईल."
गवत म्हणालं, "ऊन केवढं! उगवू कसं? आधी सावली आण."

सुळुक सुळुक, गांडूळ ऐनाकडे गेलं.
"ऐनआजोबा, ऐनआजोबा, सावली दे.
सावली मिळाली, की गवत उगवेल.
गवत मिळालं, की म्हैस शेण देईल.
शेण मिळालं, की काका पाला देईल."
ऐन म्हणाला, "फांद्या तुटल्या, सावली कुठली? वर बघ. भागीमावशी राबासाठी फांद्या तोडतेय. आधी कोयता थांबव."

खट् खट्! खट् खट्!

सुळुक सुळुक, गांडूळ खोडावरून वर गेलं.
"मावशी मावशी, कोयता थांबव.
कोयता थांबला, की ऐन सावली देईल.
सावली मिळाली, की गवत उगवेल.
गवत मिळालं, की म्हैस शेण देईल.
शेण मिळालं, की काका पाला देईल."
मावशी म्हणाली, "अगंबाई! बोटाएवढं ध्यान, आणि बोलतंय केवढं! थांबवते हो. पण माझ्या भोपळ्याचं आळं टणक झालंय. मुळं आत जाईनात. आधी ते पोखरून दे."
"एवढंच ना?" गांडूळ म्हणालं.

मावशीने आळ्यात तांब्याभर पाणी ओतलं. गांडूळ आत शिरलं. भुसभुस, भुसभुस! माती मोकळी झाली.

मावशीचा कोयता थांबला.
ऐन पालवला, सावली पडली.
सावलीत गवत उगवलं.
गवत खाऊन म्हशीने शेण दिलं. थप्प!
शेण वाफ्यात पडलं.
काकाने पाला उचलला, ऐनाखाली पसरला.

गांडूळ पाल्याखाली गेलं. पाला खाल्ला. त्याची काळी माती झाली.

त्या वर्षी त्या वाफ्यात राब भाजला नाही. भात शेणखतावर उगवलं.