देवळाच्या भिंतीतला पिंपळ

"दुखतं का रे?"

"छे, महाराज! दुखत असतं तर बोललो नसतो का?"

दौलतगिरी तोऱ्यात हसला. वर्षानुवर्षं भर उन्हात, उघड्या डोक्यानं बसून त्यानं सूर्याची उपासना केलेली. नाकाच्या कडेला मोत्यासारखी चकचकीत पुळी आली. ती फुटायची, खपली धरायची, पुन्हा रक्त यायचं. हा तिच्यावर रोज धुनीतला अंगारा फासायचा. गावानं ती सूर्यनारायणाची खूण ठरवली. बायाबापड्या तिच्याकडे बघून हात जोडायच्या, आणि आमच्या दौलतबुवांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

"तालुक्याचा डॉक्टर काय म्हणाला?" त्याचे गुरू रेवणगिरी महाराजांनी विचारलं.

"कातडीचा कर्करोग म्हणे. नेहमी आढळणारा प्रकार. सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण बसल्या जागी पोखरत जातो. आत्ता कापला तर एवढासा व्रण राहील. हयगय केली तर नाक जाईल..."

'नाक जाईल' म्हणताना त्याचा आवाज चिरकला. भीती वाटत होतीच की! पण कबूल कोण करणार?

"जाऊ द्या. देहाचे चोचले गृहस्थांनी करावेत. मला अंगारा द्या."

महाराजांनी धुनीतून चिमूटभर अंगारा उचलला आणि ते उठले. दौलतगिरी मागोमाग निघाला.

गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीत, दगडांच्या सांध्यात, पिंपळाचं कोवळं रोप उगवलं होतं.

महाराजांनी त्या रोपाला अंगारा लावला. हात जोडले.

"झालं. चल."

"झालं काय, महाराज! उपटा आधी ते!"

"पिंपळ उपटू नये. देव असतो त्यात."

"अहो, पण मूळ आत शिरतंय! आज दोन बोटांनी निघेल. राहू दिलंत तर गाभारा फोडील. अंगाऱ्यानं कुठं मूळ थांबतं होय?"

महाराजांची नजर त्याच्या नाकावर गेली.

दौलतगिरीचा हात आपसूक नाकाकडे गेला.

त्यानं भगव्या छाटीचं टोक भिजवलं आणि नाकावरची राख पुसून काढली.

"सकाळच्या एसटीनं तालुक्याला जातो," तो पुटपुटला. दोन पावलं गेला आणि घुटमळला.

"पण महाराज... लोक पाया पडतात हो या पुळीच्या."

महाराजांनी रोप मुळासकट ओढून काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"पिंपळाच्याही पडतात."